सायकलसाठी स्वस्तातली टायटॅनियम फ्रेम घ्यावी का? नीट तपासून बघितल्यावरचं मत

आमच्या ग्रुपमधल्या एकाने चीनमधल्या बाओजीच्या कारखान्यातून थेट रोड बाईकची टायटॅनियम फ्रेम मागवली, कस्टम ड्युटी, कुरियर सगळं धरून लाखाच्या आत बसली, आणि मूट्स, लाइटस्पीड असल्या अमेरिकन कंपन्यांची नुसती फ्रेम घ्यायची म्हटलं तरी त्याच्या कितीतरी पट पैसे जातात, त्यामुळे सगळे विचारतायत की घ्यावी का. पार्ट चढवायच्या आधी मी ती नीट तपासली. माझं उत्तर हो आहे, पण डोळे झाकून नाही.

मटेरियलची काळजी करू नका. ह्या फ्रेमचा ग्रेड ९ मिश्रधातू म्हणजे ३ टक्के ॲल्युमिनियम, २.५ टक्के व्हॅनेडियम आणि बाकी टायटॅनियम, महागड्या फ्रेमच्या ट्यूबपण बहुतेक ह्याच्याच असतात. खरा फरक वेल्डिंगमध्ये. टायटॅनियम तापलं की हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि ठिसूळ होतं, म्हणून वेल्डिंग करताना बाहेरून तर आर्गॉन (हवा दूर ठेवणारा वायू) लागतोच पण ट्यूबच्या आतपण भरावा लागतो, आणि घाईत काम उरकणारा नेमका आतला वाचवतो. ऑक्सिजन लागलेल्या जोडाचा रंग बदलतो, पण बाहेरचा जोड बघून काही कळत नाही, ब्लास्टिंग (बारीक कणांचा मारा) केलं की तो रंग जातो. टॉर्च घेऊन बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो ती जागा) भोकातून आत बघा. चंदेरी असेल तर उत्तम, फिकट पिवळसर चालतं, निळं-जांभळं दिसलं तर परत पाठवा, आणि राखाडी-पांढरी भुकटी असेल तर फुकट दिली तरी नको. ह्या फ्रेममध्ये आतून सगळं चंदेरी, चेनस्टेपाशी (तिथून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) जरासं पिवळसर, बास. मला खरंच आनंद झाला बघून.

दुसरं म्हणजे फ्रेम सरळ आहे का. एका ड्रॉपआउटपासून (मागचं चाक बसतं ती खाच) दोरा हेड ट्यूबला (हँडलखालची नळी) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा आणि सीट ट्यूबपासून (सीटखालची नळी) दोन्ही बाजूचं अंतर मोजा, सारखं यायला पाहिजे. इथे आलं. बॉटम ब्रॅकेट आटे असलेलाच मागवा, प्रेसफिट (नुसता दाबून बसवलेला) नको, स्वस्त फ्रेममध्ये माप जरा हुकलं की करकर सुरू होते आणि ती काही केल्या जात नाही.

वजनासाठी घेत असाल तर विसरा, दीड किलोच्या आसपास भरते, चांगली कार्बन फ्रेम किलोच्या आत येते. शिवाय ह्या किमतीत फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) नाही, हेडसेट (हँडल फिरवणारे बेअरिंग) नाही, ते वेगळं धरा. टायटॅनियम स्टीलच्या साधारण निम्मंच कडक असतं त्यामुळे ट्यूब बारीक असतील तर उभं राहून जोर लावल्यावर फ्रेम लवते, वजनदार रायडरने डाउन ट्यूबचा (हँडलकडून पेडलकडे उतरणारी नळी) व्यास आधी विचारून घ्यावा.

पण कोकणातली खारी हवा, पावसाळ्यातले घाट, रात्रभरच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड), ह्यासाठी हिच्यासारखी फ्रेम नाही, गंजायचं नाव नाही आणि रंग उडायची भीतीच नाही कारण रंगच नाही. फक्त ॲल्युमिनियमचा सीट पोस्ट टाकताना अँटी-सीझ पेस्ट भरपूर लावा, नाहीतर वर्षभरात असा चिकटेल की निघणारच नाही.

एकच मोठी भीती आहे ती वॉरंटीची. तडा गेला तर स्टीलसारखी कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे नेता येत नाही, आणि चीनला परत पाठवायचं भाडं कोण देणार हे पैसे भरायच्या आधी लेखी घ्या. ते द्यायला कारखाना टाळाटाळ करत असेल तर त्याच पैशात चांगली स्टीलची घ्या.