चेहऱ्याच्या आचक्यांवरील बोट्युलिनम इंजेक्शन: एक परीक्षण

चेहऱ्याच्या एका बाजूचे स्नायू आपोआप आक्रसत राहण्याच्या विकारासाठी, म्हणजे हेमिफेशिअल स्पाझमसाठी, माझी आई गेली काही वर्षे बोट्युलिनम टॉक्सिन ‘ए’ची, म्हणजे एका जिवाणूच्या विषापासून बनवलेल्या औषधाची, इंजेक्शने घेत आहे. सुरुवातीला केवळ डावा डोळा लवत असे आणि शेजारच्या बायका ते शुभलक्षण मानत. पुढे गाल आणि ओठांचा कोपराही ओढला जाऊ लागला, तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञांनी हा उपचार सुचवला. औषध उत्तम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते चेतातंतूच्या टोकाशी काय करते हे कळल्याशिवाय त्याची पारख करणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरते.

चेतातंतूचे टोक आणि स्नायू यांच्यामध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते. टोकाच्या आत ॲसिटिलकोलीन हे चेतापारेषक, म्हणजे स्नायूला आक्रसण्याचा संदेश देणारे रसायन, अतिसूक्ष्म पिशव्यांत साठवलेले असते आणि एकेका पिशवीत त्याचे हजारो रेणू असतात. विद्युत आवेग टोकापर्यंत पोचताच कॅल्शियमचे मार्ग उघडतात आणि आत शिरलेले कॅल्शियम सायनॅप्टोटॅग्मिन या प्रथिनाला जोडले जाते. त्यासरशी पिशवीवरचे सायनॅप्टोब्रेव्हिन आणि पेशीपटलावरची सिन्टॅक्सिन व स्नॅप-२५ ही प्रथिने एकमेकांत पीळ घालून पिशवीला पटलाशी इतकी घट्ट ओढतात, की दोन्ही पटले एक होऊन रसायन फटीत मोकळे होते. कॅल्शियम आत आल्यापासून हे सारे एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळात घडू शकते.

‘ए’ प्रकारचे विष यांपैकी फक्त स्नॅप-२५ तोडते. २०६ अमिनो आम्लांच्या या साखळीच्या शेवटची ९ तेवढी ते छाटते. ही गोष्ट १९९३ मध्ये उघड झाली. पिशव्या भरलेल्याच राहतात, आवेगही येतो, कॅल्शियमही शिरते, पण रसायन बाहेर पडत नाही. मला सर्वांत विलक्षण वाटते ती विषाची आत शिरण्याची वाट. पिशवी पटलाशी एकरूप होते तेव्हा तिच्या आतल्या बाजूचे एसव्ही२ हे प्रथिन थोडा वेळ बाहेर उघडे पडते आणि विष त्यालाच धरून, परत फिरणाऱ्या पिशवीतून, टोकात प्रवेश करते. साहजिकच, जी टोके अधिक राबत असतात ती विषही अधिक घेतात, आणि या विकारात नेमकी तीच शांत करायची असतात.

औषधाचे सारे वेळापत्रक यातून उलगडते. इंजेक्शननंतर परिणाम जाणवायला काही दिवस लागतात, दोन आठवड्यांच्या सुमारास तो पूर्ण होतो आणि साधारण तीन महिन्यांनी ओसरतो, कारण तंतूला नवे फाटे फुटतात आणि कालांतराने मूळ टोकही पूर्ववत काम करू लागते. पहिल्या खेपेस आम्ही ज्या दवाखान्यात गेलो तेथे यातले काहीच सांगितले गेले नाही, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी घरात ‘पैसे वाया गेले’ अशी हळहळ सुरू झाली. एवढ्या महाग औषधासोबत ही माहिती देणे दवाखान्याचे कर्तव्यच आहे.

परिणाम ओसरण्यापूर्वी मिळणारा आराम मोठा आहे. आई आता सलग वाचू शकते आणि लग्नसमारंभांत तोंड पदराआड लपवत नाही. तक्रारीही आहेत: पापणी काही काळ जड होते, डोळा कोरडा पडतो, हसू किंचित एका बाजूला झुकते. शिवाय मूळ दुखणे, म्हणजे बहुतेक रुग्णांमध्ये चेहऱ्याच्या चेतातंतूवर दाबणारी रक्तवाहिनी, जागच्या जागीच राहते. तो दाब शस्त्रक्रियेनेच हटवता येतो. आईच्या वयात आम्ही ती टाळली.

उपचार घेऊ इच्छिणाऱ्यांनी मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायुदौर्बल्याचा विकार असल्यास तो डॉक्टरांना आधीच सांगावा. थोडे आचके परतले म्हणून घाईने पुढचे इंजेक्शन मागू नये. वारंवार दिल्यास शरीरात विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन औषध निष्प्रभ ठरू शकते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या औषधांची युनिटे परस्परांशी जुळत नाहीत, म्हणून दवाखाना बदलताना औषधाचे नाव, मात्रा आणि टोचलेल्या जागा यांची लेखी नोंद सोबत न्यावी.