गॅस्केटला भोकं तीन, माझ्या इंजिनाला सिलिंडर चार

गाडीच्या खोट्या दुरुस्तीत एकूण ३५,८५० रुपये गेले. लाज वाटते, कारण गाडी मी पंधरा वर्षं चालवतोय.

हीटर लावला की टेम्परेचरचा काटा चढायचा, बंद केला की उतरायचा. व्हायला हवं उलटं. हीटर म्हणजे आतला छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची उष्णता घेतो. इथे काटा लालच्या जवळ आणि व्हेंटमधून हवा गार! हे ऐकताच मेकॅनिकने निकाल दिला, "हेड गॅस्केट गेलंय साहेब. असंच चालवलंत तर इंजिन बांधावं लागेल." (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग. तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील म्हणजे हेड गॅस्केट. प्रत्येक सिलिंडरसाठी त्याला एक मोठं भोक असतं.)

ऑइलची कॅप त्यानेच उघडून दाखवली. आत दुधाळ थर नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. म्हणजे गॅस्केट गेल्याची नेहमीची लक्षणं नाहीतच. मी विचारलं तर म्हणाला, "सुरुवात आहे." दोन दिवसांवर लांबचा प्रवास होता, कोणीही मान डोलावली असती.

ॲडव्हान्स २०,००० दिला. संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काळंकुट्ट गॅस्केट त्याने माझ्यासमोर धरलं, "हे बघा, तुमचं." मी फोटोसुद्धा काढला, घरी दाखवायला! त्यात मोठी भोकं तीन. माझं इंजिन चार सिलिंडरचं. समोर धरलं होतं हो, तीनपर्यंत मोजायचं होतं फक्त! मी काय केलं? उरलेले १५,८५० दिले. कच्ची पावती: पार्ट १४,२००, मजुरी ९,५००, हेड फेसिंग (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणं) ६,८००, ऑइल आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) ५,३५०.

नऊ दिवस गाडी ठीक. दहाव्या दिवशी काटा पुन्हा वर.

दुसऱ्या मेकॅनिकने इंजिन गार होईपर्यंत कॅपला हात लावला नाही. (तापलेल्या रेडिएटरची कॅप कधीही उघडू नका, वाफेने तोंड भाजेल.) मग हेडचे बोल्ट दाखवले: वर्षानुवर्षांचा मळ तसाच, पान्याचा ओरखडा नाही. हेड उघडलंच नव्हतं, नुसतं कूलंट भरलं होतं. हीटरकडे जाणाऱ्या होज पाइपची क्लिप ढिली, खाली कूलंटचा वाळलेला डाग, रेडिएटर कॅपचं रबर तडकलेलं. दीड लिटर कूलंट कमी आणि लाइनीत हवा, म्हणून हीटर गार आणि काटा वर. ती हवा काढायला त्याने गाडीचं तोंड चढावर ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवलं. बिल १,१५०.

आधी कूलंटची लेव्हल बघा. गॅस्केटचं नाव निघालं की कूलंटमध्ये एक्झॉस्टचा गॅस येतोय का, ती टेस्ट मागा. टेस्टचं निळं द्रावण पिवळं (डिझेल गाडीत हिरवट) पडलं तरच पुढचं बोला. हेड उघडताना समोर उभे राहा.

पोलिसांकडे गेलो. "हा दिवाणी वाद, ग्राहक तक्रार करा." ग्राहक तक्रारीच्या ऑफिसात गेलो तर, "पक्कं बिल? कच्ची पावती चालत नाही." फोटो दाखवला. "हे तुमच्याच गाडीचं कशावरून?" अहो, माझ्या गाडीचं नाही, हीच तर तक्रार आहे! तिसऱ्या खेपेला टेबलावरचा माणूस बदललेला, पुन्हा पहिल्यापासून सगळं. आता म्हणतात, मूळ गॅस्केट जमा करा.

ते "भंगारात टाकतो" म्हणून त्यानेच ठेवून घेतलं. पुढच्या गिऱ्हाइकाला तेच दाखवत असेल.