फुगा अडकला, मार्ग आकसला: दुर्बिणीने चिरा की युरेथ्रोप्लास्टी?

लघवीसाठी घालतात त्या नळीच्या, म्हणजे कॅथेटरच्या टोकाला फुगा असतो. नळी मूत्राशयात पोचली की तो साधारण १० मिली पाण्याने फुगवतात, आणि काढताना तेच पाणी सिरिंजने ओढून घेतात. पायाच्या ऑपरेशननंतर ठाण्यातल्या एका रुग्णालयात माझ्या फुग्यातलं पाणी बाहेर येईना. अशा वेळी व्हॉल्व्ह कापून बघतात, बारीक तार घालतात, नाहीतर सोनोग्राफीत बघत सुईने फुगा फोडतात. माझी नळी मात्र ओढली गेली. रक्त आलं, दोन दिवसांत थांबलं, आणि मी विसरून गेलो.

चार महिन्यांनी लघवीची धार दोऱ्याएवढी झाली. आतली जखम भरताना व्रण धरतो, तो आकसतो आणि वाट अरुंद होते. यालाच स्ट्रिक्चर म्हणतात. कुठलाही निर्णय घेण्याआधी डाय घालून काढलेला एक्स-रे आणि युरोफ्लो (लघवीच्या धारेचा वेग मोजणं) या दोन तपासण्या हव्यात. (युरोफ्लोला भरल्या मूत्राशयाने जायचं असतं. घोडबंदर रोडच्या कोंडीतून येणाऱ्यांनी पाणी सेंटरवर पोचूनच प्यावं, अनुभवाचे बोल आहेत.)

दुर्बिणीचा मार्ग सोपा वाटतो, आणि तसा तो आहेही. कमरेत भूल, आतून व्रणाला चिरा, एक-दोन दिवसांत घरी, नळीही थोडेच दिवस. पण व्रण नुसता चिरला जातो, काढला जात नाही. अडथळा २ सेंटिमीटरपेक्षा छोटा, मूत्रमार्गाच्या बल्बर (अंडकोषामागच्या) भागात आणि पहिल्यांदाच झालेला असेल, तर इथून सुरुवात करण्यात काही गैर नाही. मीही तेच केलं. सात महिन्यांत सगळं पुन्हा होतं तसं. 'अजून एकदा चिरून बघू' हा सल्ला मी दुसऱ्यांदा ऐकला नाही, कारण प्रत्येक चिऱ्याने नवा व्रण होतो आणि यशाची शक्यता घटत जाते.

युरेथ्रोप्लास्टी ही उघडी शस्त्रक्रिया. छोटा व्रण असेल तर तेवढा भाग कापून टोकं जोडतात. लांब असेल तर गालाच्या आतलं अस्तर काढून मार्गाला ठिगळ लावतात. वर्षानुवर्षं गुटखा-तंबाखू खाणाऱ्यांचं हे अस्तरच खराब झालेलं असतं, तेव्हा ते डॉक्टरांपासून लपवू नका. अनुभवी हातांत यश ८५-९० टक्क्यांच्या आसपास धरतात. त्रास काय? तीन आठवडे पुन्हा तीच नळी (काढताना मी सिरिंजमध्ये पाणी येतंय का तेच बघत होतो), तिखट खाल्लं की गालाची आग, लघवीनंतर थेंब गळणं, काहींना काही महिने ताठरतेची तक्रार.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रिटनमधल्या 'ओपन' चाचणीत बल्बर स्ट्रिक्चर परत झालेले २२२ पुरुष होते; एका गटाला दुर्बिणीने चिरा, दुसऱ्याला युरेथ्रोप्लास्टी. दोन वर्षांत दोन्ही गटांची तक्रार जवळपास सारखीच कमी झाली. फरक इतकाच, की युरेथ्रोप्लास्टीवाल्यांना पुन्हा उपचार कमी वेळा लागले. म्हणजे दर वर्ष-दोन वर्षांनी दुर्बीण चालत असेल, तर चिऱ्याची निवड वेडेपणाची नाही. मला ती टांगती तलवार नको होती.

सर्जन निवडताना वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, हे सरळ विचारा. हे काम रोज करणारे युरॉलॉजिस्ट कमी असतात. पुण्यातल्या डॉ. संजय कुलकर्णींच्या नावाची पद्धत तर जगभर वापरतात, तेव्हा ठाणेकराला पुणे काही लांब नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारून ठेवा.

आमच्या शेजारच्या काकांनी दोन्ही नाकारलं. वय ७८, हृदय कमजोर. त्यांनी ओटीपोटातून मूत्राशयात नळी घालून घेतली. ती महिन्या-दीड महिन्याने बदलावी लागते, पण लेंग्याखाली पायाला पिशवी बांधून ते रोज संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी मारतात.