वांगावर काय लावायचं: मेडिकलचं क्रीम, अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड की लेझर?

डाग कसला आहे ते आधी ओळखा, पैसे मग खर्च करा. आंबे उतरवताना चीक उडाला किंवा काजू फोडताना टरफलाचं तेल लागलं की त्वचा भाजते आणि मागे काळा डाग राहतो. तो बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप फिकट होतो. ऊन टाळा, खरवडू नका, बस. वांगाचे डाग वेगळे. ते दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर पसरतात, गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी उमटतात आणि उन्हाने गडद होतात.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या क्रीममध्ये अनेकदा डाग फिकट करणारं हायड्रोक्विनोन, व्हिटॅमिन ए गटातलं ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड एकत्र असतं. काही आठवड्यांतच चेहरा उजळतो, म्हणून ती ट्यूब एका घरातून दुसऱ्या घरात जाते. पुढे त्वचा पातळ होते, लाली येते, पुरळ उठतं, लव वाढते. बंद केलं की डाग परत येतात, कधी आधीपेक्षा गडद. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर निळसर काळपट डाग पडतात आणि ते घालवणं फार अवघड. डॉक्टर हेच मिश्रण मोजके आठवडे देतात, तेव्हा जरूर लावा. स्वतःहून नको, आणि गरोदरपणात तर नकोच.

अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड हेही डागांवर लावायचंच औषध, मात्र संथ आहे. फरक दिसायला ३-४ महिने लागतात, सुरुवातीला चुणचुणतं. पण त्यात स्टेरॉइड नाही, गरोदरपणातही चालतं. माझा कौल यालाच.

लेझर महाग, आणि आपल्या सावळ्या त्वचेवर त्याने डाग उलट गडद होऊ शकतात. औषधांनी काहीच फरक पडला नाही तरच विचार करा. लिंबाचा रस लावून उन्हात जाऊ नका, त्वचा भाजून नवा डाग पडतो.

यातलं काहीही निवडलंत तरी सनस्क्रीनशिवाय ते वाया. एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं, दर २ तासांनी. वांग डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशानेही गडद होतं, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन घ्या. जेटीवर किंवा सुकत घातलेल्या मासळीपाशी दिवस काढणाऱ्या बाईला दर २ तासांनी ते लावणं कुठून जमणार? तिने रुंद काठाची टोपी घालावी, जमेल तेवढं सावलीत बसावं. पावसाळ्यातही सुट्टी नाही, ढगांतूनही अतिनील किरणं येतात.

एखादाच डाग आकार बदलत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल तर क्रीम बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मानेची कातडी जाड, मखमली काळी झाली असेल तर साखर तपासून घ्या.