हातांच्या भेगांवर गाईच्या सडांचं मलम: सात महिन्यांनंतर

ऑक्टोबर ते एप्रिल, बॉस्टनजवळची थंडी, घरात अखंड हीटर आणि दिवसातून पंधरा-वीस वेळा हात धुणं. एवढ्यात ‘बॅग बाम’चा २२७ ग्रॅमचा हिरवा डबा संपत आला, म्हणजे रोजचं साधारण एक ग्रॅम. बोटांच्या पेरांवरच्या भेगा तीन आठवड्यांत मिटल्या आणि अंगठ्याच्या नखाशेजारची चीर सोडली तर पुन्हा उघडल्या नाहीत.

हे मलम व्हरमाँटचं, १८९९ पासूनचं. धुतलेली ओली कास गार वाऱ्याला लागली की गाईचे सड उलतात, त्यासाठी ते बनवलेलं. त्यात जादू काही नाही. पाया पेट्रोलॅटमचा, म्हणजे व्हॅसलीनचाच. त्यात लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण, आणि ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन सल्फेट हे जंतुरोधक. लॅनोलिनमुळे ते साध्या व्हॅसलीनपेक्षा चिकट असतं आणि हातावर जास्त टिकतं. जास्तीचे पैसे आहेत ते याच टिकण्याचे.

बहुतेकांचं चुकतं ते लावण्याच्या वेळेत. मलम कातडीला पाणी देत नाही, असलेलं पाणी उडू देत नाही. कोरड्या ठाक हातावर थापलं तर वरून ओशट आणि आतून तसाच खरखरीत, अशी गत होते. रात्री कोमट पाण्यात हात दोन-तीन मिनिटं भिजवायचे, टॉवेलने फक्त टिपायचे, ओलसर असतानाच वाटाण्याएवढं मलम तळव्यांत चोळून पातळ करायचं. आधी पेरं आणि नखांच्या कडा, तळवे शेवटी. वर सुती हातमोजे. हातमोजे नसतील तर निम्मं मलम उशीच्या अभ्र्याला जातं. गरम पाणी नको, ते कातडीतलं तेलच धुऊन नेतं.

दिवसा मात्र हे मलम अडचणीचंच. फोन बोटाचा ठसा ओळखत नाही, स्टीलचं भांडं हातातून निसटतं, आणि कणकेला लोकरीचा औषधी वास लागतो (पोळी खाणाऱ्याला तो कळतोच). दिवसा ग्लिसरिनचं क्रीम बरं. भांडी घासताना लॅटेक्सचे मोजे वापरत असाल तर खाली हे मलम नको, पेट्रोलॅटमने लॅटेक्स कमकुवत होऊन फाटतं. नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, चालतात. कपड्यावर डाग पडला तर पाणी लावण्याआधी कॉर्नस्टार्च भुरभुरून अर्धा तास ठेवा, झटका, मग भांड्यांचा साबण लावून गरम पाण्याने धुवा. मलम मुरलेले मोजे किंवा फडकी शेगडीपाशी ठेवू नका, ती भडकन पेटतात.

लॅनोलिन काहींना सोसत नाही, आणि त्यातलं जंतुरोधकही काहींना सोसत नाही. थेट फुटलेल्या हातावर सुरुवात करण्यापेक्षा कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून बघा. खाज किंवा पुरळ आलं तर डबा दुसऱ्याला द्या. भेगेतून पू येत असेल, बोट लाल आणि गरम असेल, तर वर मलमाचं झाकण घालू नका, डॉक्टरांकडे जा. खाजरा गोल चट्टा हा बहुधा गजकर्णाचा, त्यावर याचा उपयोग शून्य.

आता भारतातल्या वाचकांसाठी. ‘गाईच्या कासेचं’ एवढं वाचून पशुवैद्यकीय दुकानातून काहीही उचलू नका. दगडीवर, म्हणजे कासेच्या सुजेवर चोळायच्या काही मलमांत पुदिन्याचं तेल असतं, ते भेगेत गेलं की डोळ्यांतून पाणी काढतं. धार काढल्यावर सड बुडवायचं आयोडीनचं द्रावण तर जंतू मारायचं औषध, हाताची कातडी त्याने आणखी सुकते. डब्यावर घटक लिहिलेले नसतील तर हात लावू नये. युरिया असलेली कासेची क्रीमं हातांना चांगली, पण उघड्या चिरेवर झोंबतात. आधी भेग मिटू द्या.

कोकणात पायाच्या भेगांत कोकमाचं तेल तापवून भरतात, तेही मलमासारखंच ओल धरून ठेवतं. हे तेल वडीच्या रूपात मिळतं; वडी घट्ट असते आणि चाळीस अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे थंड हातांवर पसरायला कष्ट पडतात. पुण्यातल्या डिसेंबरला ते पुरेसं आहे, त्यासाठी अमेरिकेतून हिरवा डबा मागवायची गरज नाही. नखाशेजारच्या त्या चिरेवर मात्र दोन्ही हरले. तिथे मलमावर रात्रभर पट्टी बांधावी लागली, तेव्हा पाचव्या दिवशी ती मिटली.