वर्डप्रेससोबत येणारी जेक्वेरी : सामाईक प्रतीचा हिशेब

वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यासोबत जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीची (तयार कोडच्या संग्रहाची) एक प्रत येते आणि प्रशासन विभाग, थीम (साइटचे रूप ठरवणारा भाग) व प्लगइन (जोडसुविधा) यांनी त्याच एका प्रतीवर काम करावे अशी अपेक्षा असते. प्लगइन लिहिणाऱ्याच्या नजरेने पाहिले, तर या व्यवस्थेत लायब्ररीपेक्षा ती मागण्याची पद्धत मला अधिक मोलाची वाटते. प्लगइन पानावर स्वतःचा स्क्रिप्ट टॅग लिहीत नाही. आपली फाइल रांगेत लावताना ती ‘जेक्वेरी’ या नोंदवलेल्या नावावर अवलंबून आहे, एवढेच सांगते. त्यामुळे दहा प्लगइनांनी मागणी केली तरी फाइल एकदाच आणि योग्य क्रमाने उतरते.

ही प्रत ‘नो कॉन्फ्लिक्ट’ अवस्थेत दिलेली असते, म्हणजे डॉलर चिन्हावर, जेक्वेरीच्या नेहमीच्या आखूड नावावर, तिचा हक्क नसतो. इंटरनेटवरून उचललेला, डॉलरने सुरू होणारा कोड इथे चालत नाही, हे नवख्याला पहिल्याच दिवशी कळते आणि त्याचा वैतागही येतो. तरीही निर्णय योग्यच आहे, कारण प्रोटोटाइपसारख्या जुन्या लायब्रऱ्याही तेच चिन्ह वापरत असत आणि कोणत्या साइटवर शेजारी कोण असेल हे प्लगइनकर्त्याला ठाऊक नसते. वर्डप्रेसच्या अधिकृत प्लगइन संग्रहाचा नियमही गाभ्यातल्याच लायब्रऱ्या वापरा असे बजावतो. गाभ्यातली नोंद रद्द करून सीडीएनवरची (बाहेरच्या सामाईक सर्व्हरवरची) दुसरी आवृत्ती आणणाऱ्या थीम मात्र सर्रास आढळतात, आणि मग बिघाड होतो तो भलत्याच प्लगइनमध्ये.

खरी परीक्षा आवृत्ती बदलताना होते. जेक्वेरी ३.० जून २०१६ मध्ये आली. वर्डप्रेस मात्र डिसेंबर २०२० पर्यंत १.१२ च्या शाखेवरच थांबले होते. नव्या आवृत्तीने काढून टाकलेल्या पद्धती वापरणारी जुनी प्लगइन असंख्य साइटवर चालू होती, आणि ती बंद पडली असती तर दोष वर्डप्रेसच्याच माथी आला असता. सामाईक प्रत सर्वांची असल्यामुळे ती बदलण्याचे स्वातंत्र्य कोणालाच उरत नाही. या विलंबाची किंमतही होती, कारण एप्रिल २०२० मधील ३.५.० या आवृत्तीने एचटीएमएल हाताळणीतील क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगचे (परक्याचा कोड पानावर चालू देणारे) दोष दुरुस्त केले, तेव्हा गाभा जुन्याच शाखेवर होता.

स्थलांतर टप्प्याटप्प्याने झाले, आणि तेथे वर्डप्रेसला मी बरे गुण देईन. ऑगस्ट २०२० मधील ५.५ मध्ये जेक्वेरी मायग्रेट ही जुन्या कोडला आधार देणारी फाइल काढली गेली. जेक्वेरी १.९ च्याही आधीच्या पद्धतीचा, म्हणजे १.९ मध्येच हद्दपार झालेल्या ‘लाइव्ह’सारख्या फंक्शनांचा कोड तिच्या जोरावर वर्षानुवर्षे तगून होता; तो आता उघडा पडला आणि स्लायडर, मेनू, फॉर्म थबकले. अशा साइटसाठी तात्पुरता आधार देणारे प्लगइन वर्डप्रेसच्याच चमूने उपलब्ध केले. त्यानंतर ५.६ मध्ये जेक्वेरी ३.५.१ आली, सोबत मायग्रेटची नवी आवृत्तीही आली, आणि ती पुढेही मुक्कामालाच राहिली. घरी दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याचे नाव रेशनकार्डावर चढावे, तसे तिचे झाले आहे.

वर्डप्रेससारख्याच ड्रुपल या प्रणालीच्या आवृत्ती ७ ची तुलना इथे उपयोगी पडते. जानेवारी २०११ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत जेक्वेरी १.४.४ होती; गाभ्याने ती तशीच ठेवली आणि नवी हवी असणाऱ्यांना ‘जेक्वेरी अपडेट’ हे वेगळे मॉड्यूल घ्यावे लागले. निवड मिळाली, पण दोन मॉड्यूलांना दोन वेगळ्या आवृत्त्या हव्या असतील तर तो तिढा साइटच्या मालकाने सोडवायचा. मला वर्डप्रेसचा संथ, पण सर्वांना एकाच वेळी पुढे नेणारा मार्ग पसंत आहे.

डिसेंबर २०१८ मधील ५.० सोबत ब्लॉक संपादक आला, तेव्हा रिॲक्ट ही पडद्यावरचे घटक रचणारी जावास्क्रिप्ट लायब्ररीही गाभ्यात आली. यावेळी तिच्यावर ‘डब्ल्यूपी-एलिमेंट’ हे स्वतःचे पातळ आवरण घातले गेले, जेणेकरून प्लगइनने रिॲक्टला थेट हात लावू नये. मार्च २०२३ मधील ६.२ मध्ये रिॲक्ट १८ आली. आवरणाने संघर्ष पूर्णपणे टळत नाही. जुलै २०२४ च्या ६.६ मध्ये जेएसएक्ससाठीची (रिॲक्टमध्ये एचटीएमएलसारखी रचना लिहिण्याच्या पद्धतीसाठीची) नवी स्क्रिप्ट नोंदवली गेली, आणि तिच्यावर अवलंबून असणारी नव्या साधनांनी बांधणी (बिल्ड) केलेली प्लगइन जुन्या वर्डप्रेसवर लोड होत नाहीत. नवे प्लगइन लिहिणाऱ्याने म्हणूनच कमीत कमी कोणती वर्डप्रेस आवृत्ती लागेल, हे आधी ठरवून मगच बांधणीची साधने अद्ययावत करावीत. आणि काम साध्या जावास्क्रिप्टने भागत असेल, तर जेक्वेरीची मागणीच नोंदवू नये.