४० कोटी अक्षरांची फिरवाफिरव: ऑक्टेव्ह की नमपाय?

गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) तोंडावर आली की निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांचा एकच प्रश्न असतो: यंदा डाऊनी (बुरशीचा रोग) कधी उठेल? आमच्या गटाची ४० हवामान यंत्रं बागांमध्ये उभी आहेत. प्रत्येक यंत्र दर १० मिनिटांनी एक नोंद टाकतं. तारीख-वेळ, तापमान, आर्द्रता, पानांवरचा ओलावा, सगळं ६४ अक्षरांच्या एका ओळीत, ओळ संपल्याची खूण धरून. २०२१ ते २०२३ या तीन वर्षांच्या फायली एकामागे एक जोडल्या की ६३,०७,२०० ओळी होतात, म्हणजे ४० कोटींच्या वर अक्षरं. असा ऐवज एकदम मेमरीत घेऊन फिरवायचा तर ऑक्टेव्ह हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर घ्यावं की पायथन या संगणकभाषेतलं त्याच कामाचं नमपाय, असं नाशिकमधल्या दोघातिघांनी मला विचारलं. मी हे काम आधी ऑक्टेव्हमध्ये केलं, मग नमपायमध्ये. त्यावरून सांगतो.

दोन्ही फुकट आहेत आणि मॅट्रिक्स (ओळी-कॉलमांचा तक्ता) कसा कापायचा हे तुम्हाला येतं, असं धरून चालतो. मॅटलॅब (ऑक्टेव्हसारखंच, पण विकतचं) वापरणाऱ्यांनी ऑक्टेव्हबद्दलचं बहुतेक सगळं आपल्यालाही लागू समजावं. फक्त ऑक्टेव्ह एका अक्षराला १ बाइट देतं आणि मॅटलॅब २, म्हणजे हीच फाइल तिथे ८० कोटी बाइट खाते.

आता ज्या एका गोष्टीवरून माझं ठरलं ती. फाइल ओळीमागून ओळ लिहिलेली असते. ऑक्टेव्ह मात्र मॅट्रिक्स वरून खाली, कॉलममागून कॉलम भरतं. ही फोरट्रानची रीत, मॅटलॅबमार्गे आलेली. आकडेमोडीच्या मॅट्रिक्सला तिचा काही त्रास नाही. पण अक्षरांची लांबलचक पट्टी घेऊन ‘६३ लाख ओळी, ६४ कॉलम’ असं रीशेप केलंत, म्हणजे तक्त्यात बसवलंत, की नोंदी आडव्या बसतच नाहीत. आधी ६४ ओळींचा मॅट्रिक्स करायचा, मग ट्रान्सपोज, म्हणजे ओळींचे कॉलम आणि कॉलमांच्या ओळी. हे मला पाठ होतं. तरीही छाटणीच्या धावपळीत एका रात्री उलटं लिहिलं गेलं.

चूक दाखवणारा एकही संदेश आला नाही, कारण एकूण अक्षरं तेवढीच होती. वर आणखी एक योग जुळून आला: ६३,०७,२०० ला ६४ ने पूर्ण भाग जातो. त्यामुळे चुकीच्या मॅट्रिक्सच्या पहिल्या ओळीत ६४ वेगवेगळ्या नोंदींचं पहिलं अक्षर आलं. नोंदीची सुरुवात सालापासून होते, म्हणजे ओळभर नुसते २. मी तापमानाचे तीन कॉलम (दशक, एकक आणि दशांश, मधे टिंब नाही) कापले आणि पहिलं उत्तर आलं २२.२ अंश. आमच्याकडच्या ऑक्टोबरच्या पहाटेला अगदी शोभेल असं तापमान! मी त्यावर विश्वास ठेवून पुढे गेलो. किमान तापमान काढलं तेव्हा उणे ४२१.८ दिसलं आणि डोळे उघडले. ते ओळ संपल्याच्या खुणांचं ‘तापमान’ होतं. त्या खुणेचा अ‍ॅस्की क्रमांक (संगणकात प्रत्येक अक्षराला असतो तो) १०, त्यातून शून्याच्या अंकाचे ४८ वजा केले की उणे ३८, तेच तिन्ही जागी.

नमपाय मुळात ओळीमागून ओळच भरतं. ‘इतक्या नोंदी, प्रत्येकी ६४’ असं मनात येतं तसंच लिहिलं की बरोबर बसतं. तिथेही उलटं लिहिता येतंच, तेव्हा चूक अशक्य आहे असं म्हणणार नाही. पण स्वाभाविक लिहिलेलं बरोबर ठरणं, याचं मोल रात्री अकरा वाजता कळतं.

मेमरीतही फरक जाणवला. ऑक्टेव्हमध्ये ट्रान्सपोज म्हणजे खरीखुरी दुसरी प्रत, काही काळ ८० कोटी बाइट. त्याहून मोठा खड्डा वजाबाकीत आहे. अक्षरातून अक्षर वजा केलं की उत्तर डबलमध्ये, म्हणजे दशांश आकड्यांच्या मोठ्या प्रकारात येतं, एकेका अक्षराला ८ बाइट. मी सुरुवातीला सबंध मॅट्रिक्समधूनच ४८ वजा करायचो आणि ८ जीबीचा लॅपटॉप रडकुंडीला यायचा. नमपायमध्ये ट्रान्सपोज किंवा सलग कॉलम कापणं म्हणजे नुसता व्ह्यू. डेटा जागेवरच राहतो, तो कसा वाचायचा एवढंच बदलतं.

याचा खरा उपयोग मला यंत्रांच्या तुलनेत झाला. फायली यंत्रांप्रमाणे लागलेल्या आहेत, पण डाऊनीसाठी एकाच क्षणी ४० ही ठिकाणी पानं ओली होती का, ते बघायचं असतं. एकही नोंद गळलेली नसेल तर अ‍ॅरे ४० × १,५७,६८० × ६४ असा उभा करायचा आणि पहिल्या दोन अक्षांची अदलाबदल करायची. नमपाय हे तत्क्षणी करतं. ऑक्टेव्हची अक्ष बदलणारी आज्ञा, परम्यूट, हीही तेच करते, पण सगळं हलवून. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण एकीकडे एंटर दाबताच उत्तर येतं आणि दुसरीकडे थांबावं लागतं.

नमपायचेही काटे आहेत, ते लपवणार नाही. अक्षरं १ बाइटच्या पूर्णांकात ठेवली तर २५५ च्या पुढे आकडा गुंडाळला जातो. शतक, दशक, एकक तसेच जोडले तर ३१४, म्हणजे ३१.४ अंश, ५८ होऊन ५.८ अंश दिसतात. कापलेल्या तीन कॉलमांना आधी मोठ्या पूर्णांकात न्यायचं, मग गुणाकार. शिवाय छोटा व्ह्यू हातात असेपर्यंत मूळ ४० कोटी बाइट मेमरीतून सुटत नाहीत. हवा तेवढा भाग कॉपी करून बाकीचं सोडून द्यावं. आणि युनिकोड प्रकार चुकूनही घेऊ नका, तो प्रत्येक अक्षराला ४ बाइट घेतो. गावांची नावं नोंदीत देवनागरीत टाकायचा मोहही आवरा. ‘ओझर’ ९ बाइटचं आणि ‘दिंडोरी’ २१ बाइटचं, ६४ चा हिशोब तिथेच मोडतो. आम्ही गावांना दोन अंकी क्रमांक दिले. ही अडचण ऑक्टेव्हमध्येही तशीच आहे.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. आमची काही यंत्रं ओळीच्या शेवटी एक जादा अक्षर टाकत होती, विंडोज पद्धतीचं. मग ६४ ची चौकट दर नोंदीला एका घराने सरकते. पहिल्या ५० ओळी पडद्यावर छापून बघा: तारखा सरळ खाली न येता तिरक्या, जिन्यासारख्या उतरताना दिसल्या की समजावं. मोठं काम सुरू करण्याआधी मी हे आजही करतो.

माझं म्हणाल तर आता नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी नमपायच सुचवीन. पण ऑक्टेव्हमध्ये तुमचा चालता कोड असेल तर तो केवळ यासाठी फेकू नका. नोंदी आडव्या करायच्या भानगडीत न पडता त्या उभ्याच राहू द्या, एक कॉलम म्हणजे एक नोंद. तापमानाच्या तीन ओळी कापा, तेवढ्यातूनच ४८ वजा करा आणि १०, १, ०.१ या आडव्या ओळीने डावीकडून गुणा. ट्रान्सपोज लागतच नाही, आणि हे मला दोन हंगाम उशिरा सुचलं.